लाल फुली दिसली तर

बाबू, तुझा आवाज ऐकून मला वाटलं लॅपटॉप चोरीला गेला की काय. निघालं एवढंच, की ईआरपीनेक्स्टला पाठवलेल्या तुझ्या पहिल्याच बदलापुढे लाल फुली लागली. कोणा माणसाने एक ओळ वाचण्याआधीच यंत्राने तो अडवला. तू विचारलंस ते रास्त आहे. कोड चालतो, टेस्ट पास होतात, मग रिकाम्या जागा आणि अवतरणचिन्हं मोजत बसणाऱ्या या तपासणीचा उपयोग काय? मी उत्तर द्यायला लागले आणि तुझी गाडी वरठी स्टेशनात शिरली. बोलणं अर्धं राहिलं, म्हणून हे लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकट्याच्या कोडला अशी तपासणी नसली तरी बिघडत नाही. दुसरा-तिसरा हात लागला की ती हवीच, आणि शक्य असेल तर पहिल्या दिवसापासून हवी. कोड देखणा होतो हा किरकोळ फायदा. मोठा फायदा हा, की माणसं एकमेकांशी कामाचं बोलायला लागतात.

मी नोकरीला लागले तेव्हा कोड तपासणं म्हणजे वरिष्ठांनी प्रिंटआउटवर लाल पेन फिरवणं. बहुतेक खुणा कंस कुठे उघडला, नावात अक्षर मोठं की लहान, यावरच. हिशेब चुकलाय का हे बघायला कोणाकडे दम उरत नसे. आणि खुणा पडायच्या कोणाच्या कागदावर? आमच्यासारख्या भंडाऱ्याकडून आलेल्या नवख्यांच्या. साहेबांच्या स्वतःच्या कोडात तेच सगळं असलं तरी ‘सर, तुमचा कंस चुकीच्या ओळीवर आहे’ म्हणायची कोणाची प्राज्ञा होती! यंत्राला हुद्दा कळत नाही. ते साहेबांनाही अडवतं, तुलाही अडवतं, आणि दोघांना एकच वाक्य ऐकवतं. जिथे उठता-बसता सर-मॅडम चालतं तिथे मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शिवाय यंत्राचं बोलणं मनाला लागत नाही. तुला ते परवा लागलं, कारण पहिलीच वेळ होती.

धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत दोरी धरतात ती आठव. दोरीने पऱ्हे जोमदार होत नाहीत की खत वाचत नाही. पण ओळ सरळ लागली, तर पुढे निंदणाला येणाऱ्या बाया किंवा कोनोवीडर चालवणारा गडी रोपं न तुडवता पार निघतो. दोरीचा फायदा मागून येणाऱ्याला होतो. सामायिक कोडात मागून येणारा म्हणजे वर्षभराने सगळं विसरलेला तूच असतोस बहुधा. आणि दोरीला सडकं रोप ओळखता येत नाही, हेही तिथेच लक्षात ठेव.

आता तू ज्या घरात पाय ठेवला आहेस तिथली रीत बघ. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, रुशभ मेहतांनी सुरू केलेलं खुलं सॉफ्टवेअर. पायथन भाषेत एक पायरी आत सरकायला चार स्पेस द्यायचा रिवाज आहे, आणि तो २००१ सालच्या ‘पेप ८’ नावाच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे. फ्रॅपेच्या कोडात मात्र सुरुवातीपासून टॅब. त्यात ब्लॅक हे लोकप्रिय फॉरमॅटर टॅब ठेवूच देत नाही. लुकाश लांगा यांनी ते २०१८ मध्ये काढलं तेच ‘आवडनिवड विचारू नका’ या बाण्याने. मग फ्रॅपेने काय केलं? जगाचा रिवाज म्हणून सगळा जुना कोड उलटापालटा केला नाही, आणि तपासणीही सोडून दिली नाही. ब्लॅकची टॅब चालवून घेणारी एक बदललेली प्रत वापरली. पुढे रफ नावाचं यंत्र आलं, त्यात टॅबची सोय होतीच, मग ते घेतलं. टॅब बरे की स्पेस, या वादात मी पूर्वी हिरिरीने पडायचे. आता मला त्याचं काही वाटत नाही. एकाच फाइलीत दोन्ही सापडले तर मात्र अजूनही डोकं फिरतं.

पेप ८ लिहिणाऱ्यांनाही त्याचा कायदा करायचा नव्हता. जगाशी जुळण्यापेक्षा आपल्या प्रकल्पात एकवाक्यता असणं महत्त्वाचं, असं त्यातच म्हटलं आहे. पुढे याच नावाने तपासणीचं एक यंत्र निघालं आणि लोक यंत्राच्या शब्दालाच दस्तऐवज समजायला लागले. शेवटी पायथनचे जनक ग्विडो व्हान रोसम यांनी २०१६ मध्ये त्या यंत्राचं नाव बदलायची विनंती केली. तेव्हापासून ते पायकोडस्टाइल झालं.

तुझ्या पानावरच्या सगळ्या फुल्या सारख्या नाहीत. काही फॉरमॅटरच्या आहेत. फॉरमॅटर, म्हणजे ब्लॅक, प्रिटियर वगैरे, फक्त मांडणी बदलतो, अर्थाला हात लावत नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. कमांड चालव, फाइल बदलू दे, पुढच्या कामाला लाग. गो भाषा २००९ मध्ये लोकांसमोर आली ती असं यंत्र सोबत घेऊनच, आणि त्यात मांडणीच्या आवडीनिवडीला जागाच ठेवलेली नाही. गोवाल्या पोरांना कंसावरून भांडताना मी अजून पाहिलेलं नाही.

बाकीच्या फुल्या लिंटरच्या. ही जात जुनी आहे, बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी पहिलं लिंट लिहिलं ते सत्तरच्या दशकात. लिंटर मांडणीच्या पलीकडे जाऊन संशय व्यक्त करतो. हे व्हेरिएबल घेतलंस पण वापरलं नाहीस, या ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोचतच नाही, असं काहीबाही. त्याचं बोलणं थांबून ऐकायचं. मान्य करायलाच हवं असं नाही.

ऐकायचं का, तर फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईघाईने एक दुरुस्ती काढावी लागली होती. सुरक्षित जोडणी पडताळणाऱ्या सी भाषेतल्या कोडात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे डोळ्यांना ती ‘इफ’च्या पोटातली वाटायची. खरं तर ती अटीच्या बाहेर होती आणि दर वेळी चालायची. त्यामुळे पुढची सही तपासली जातच नव्हती, आणि समोरचा कोणीही असला तरी फोन त्याच्यावर विश्वास ठेवत होता. फॉरमॅटरने ती ओळ डावीकडे ओढून उघडी पाडली असती. लिंटरने ‘याच्या खालचा कोड मेलेला आहे’ म्हणून बोंब मारली असती. दोन वर्षांनी जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीसाठी खास इशारा आला. रिकाम्या जागेने काय होतंय, असं कोणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते.

आणि मान्य करायलाच हवं असं का नाही, ते डेबियनवाल्यांना विचार. २००६ मध्ये त्यांनी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीच्या आपल्या प्रतीतून काही कोड काढून टाकला, कारण व्हॅलग्रिंड नावाचं यंत्र त्यावर सारखी कुरकुर करत होतं. व्हॅलग्रिंड शैली तपासत नाही, मेमरी तपासतं, पण धडा तोच. कुरकुर थांबली. सोबत गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणाही गेला. उरला तो फक्त चालू प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. एवढ्या तर साधा संगणक मोजून काढतो. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या लोकांना जगभर बदलाव्या लागल्या. तेव्हा लिंटर एखाद्या ओळीवर बोट ठेवतोय म्हणून ती पुसायची नाही. ती तिथे कोणी आणि का ठेवली हे कळेपर्यंत हात मागे.

ओळ बरोबर आहे आणि यंत्रालाच कळत नाहीये, असंही होतं. तेव्हा ओळीच्या शेवटी ‘नोक्यूए’चा शेरा टाकून ती तपासणीतून वगळता येते. शेऱ्यात नियमाचा क्रमांक घाल आणि शेजारी कारण लिही. नुसता मोकळा शेरा टाकलास तर उद्या त्याच ओळीत खरी चूक शिरली तरी यंत्र तोंड मिटून बसेल.

काही नियमांवर माझा भरवसा नाही, तेही सांगते. फंक्शन इतक्याच ओळींचं असावं, अटी इतक्याच असाव्यात, हे नियम सूचना म्हणून ठीक. ते अडवायला लागले की लोक एकसंध कामाचे तीन तुकडे करतात, तुकड्यांना ‘भाग एक’, ‘भाग दोन’ अशी नावं देतात, आणि फुली हिरवी होते. वाचणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडतं. दुसरं, पिवळे इशारे. जो इशारा अडवत नाही तो आठवडाभर वाचला जातो, मग त्याचा ढीग होतो, मग ढिगाकडे कोणी बघत नाही. उद्या तुझ्या हाती एखादा प्रकल्प आला तर नियम थोडे ठेव आणि जे ठेवशील ते अडवणारे ठेव. बाकीचे खुशाल बंद कर.

आता तुझ्या कॉलेजच्या मित्रांसाठी. लिंटर चालवायचा, जुन्या कोडात शंभर ठिकाणच्या जागा सरळ करायच्या आणि ‘माझं योगदान’ म्हणून पाठवायचं, हा सोपा मार्ग सगळ्यांना सुचतो. लिनक्स कर्नलचं स्वतःचं चेकपॅच नावाचं यंत्र आहे, पण त्याच्या कागदपत्रांत लिहिलंय की ते वाट दाखवायला आहे, माणसाच्या विवेकाच्या जागी नाही, आणि नियम मोडूनच कोड जास्त चांगला वाचता येत असेल तर तो तसाच राहू द्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅकटोबरफेस्ट या खुल्या सॉफ्टवेअरच्या उपक्रमात मिळणाऱ्या टी-शर्टपायी विद्यार्थ्यांनी किरकोळ बदलांचा इतका पूर पाठवला की प्रकल्प सांभाळणारे टेकीला आले. तो उपक्रम चालवणाऱ्या डिजिटलओशनला ऐन मोसमात नियम फिरवून, जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील तेवढेच मोजायचे, असं ठरवावं लागलं. त्या पुरात आपल्याकडची पोरं कमी नव्हती. एक खरी चूक शोधून दुरुस्त केलेली तीन ओळींची गोष्ट पाठवली की लोक नाव लक्षात ठेवतात.

आणि जिथे दुरुस्ती करशील तिथे मांडणी सोबत बदलू नकोस. दोन्ही एकत्र आलं की तपासणाऱ्याला बदललेल्या तीनशे ओळी दिसतात आणि त्यातल्या खऱ्या तीन त्याला चाळून काढाव्या लागतात. मांडणीचा कमिट वेगळा, अर्थाचा वेगळा. सगळा जुना कोड एकदाच फॉरमॅटरखालून काढायचा असेल तर तो एका दिवशी, एका कमिटमध्ये, बाकीच्यांचे अर्धवट बदल आत आल्यावर. नाहीतर प्रत्येकाच्या शाखेत भांडणं लागतात. एवढं करूनही एक नुकसान राहतं. ‘गिट ब्लेम’ला विचारलं की ही ओळ कोणी लिहिली, तर ते फॉरमॅटर चालवणाऱ्याचं नाव सांगतं आणि मूळ लिहिणारा गायब होतो. यावर उपाय आहे. २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, असे कमिट एका फाइलीत नोंदवले आणि ती फाइल ब्लेमला दाखवली की ब्लेम ते कमिट ओलांडून मागे बघतं. फ्रॅपेच्या कोडाच्या मूळ फोल्डरात ती फाइल आहे, उघडून बघ.

रोजच्या सोयीचं थोडं. प्री-कमिट बसवून घे, म्हणजे कमिट करतानाच तपासणी तुझ्या लॅपटॉपवर होईल आणि चारचौघांत फुली दिसणार नाही. पहिल्या वेळी ते सगळी यंत्रं नेटवरून उतरवून घेतं. म्हणून पुण्यातून निघायच्या आधीच एकदा चालवून ठेव. लाखांदूरला आजीकडे बसून ते काम करायला गेलास तर संध्याकाळ जाईल. यंत्राची आवृत्ती नोंदवलेली असते ती स्वतःच्या मनाने वाढवू नकोस. तुझं रफ नवं आणि दुसऱ्याचं जुनं असलं की तोच कोड तू एका तऱ्हेने मांडतोस, तो दुसऱ्या, आणि रोज परत परत. ब्लॅकवाले तर ठरलेल्या शैलीतले बदल वर्षातून एकदाच, जानेवारीच्या सुमारास आणतात, ते याच त्रासापायी. आणखी एक. तुझा लॅपटॉप विंडोजचा आहे. विंडोज ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन अदृश्य चिन्हं घालतं. त्यामुळे एक अक्षर बदललं तरी कधी कधी अख्खी फाइल बदललेली दिसते. परवाच्या तुझ्या फुल्यांत याचा वाटा असणार असा मला दाट संशय आहे, आधी तेच तपास.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ब्लॅक, रफ, प्रिटियर ही जगासाठी बनलेली यंत्रं. आपल्या कामाच्या खाचाखोचा त्यांना ठाऊक नसतात. त्यासाठी स्वतःचे नियम लिहायचे असतात, आणि त्यातच तपासणीचं खरं मोल आहे.

फ्रॅपेचंच उदाहरण घे. त्यांनी सेमग्रेप या यंत्रासाठी स्वतःच्या नियमांची वेगळी पेटी ठेवली आहे. त्यात एक नियम भाषांतराचा आहे. पडद्यावरचं इंग्रजी वाक्य भाषांतराच्या फंक्शनमधून काढतात. वाक्यात ग्राहकाचं नाव घालायचं असेल तर आधी वाक्याचं भाषांतर आणि मग नाव, हा क्रम. उलट केलंस, म्हणजे आधी नाव भरून मग ते वाक्य भाषांतराला दिलंस, तर भाषांतरांच्या यादीत ‘अमुकतमुक यांचे बिल’ असं वाक्य कुठून सापडणार? चूक कुठेच दिसत नाही, टेस्ट पास होतात, इंग्रजीत सगळं झकास. फक्त मराठीत प्रोग्राम उघडणाऱ्याला मधेच इंग्रजी वाक्य दिसतं. हे मुंबईत, पुण्यात बसून इंग्रजी पडद्यावर काम करणाऱ्याला आयुष्यात कळणार नाही. तुमसरच्या राइस मिलमध्ये बिल काढणाऱ्या मुनीमजींना कळेल, आणि ते तक्रार करणार नाहीत, ‘कंप्युटरचं असंच असते’ म्हणून पुढे जातील. हा नियम त्यांच्या वतीने भांडतो. तुझी एक फुली याच नियमाची होती असं तू म्हणालास ना? मग त्याचा राग काढू नकोस.

असे आणखी नियम आपल्या लोकांनीच लिहायला हवेत, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. मराठी मजकूर असलेल्या कोडात मला भेटलेल्या भानगडी सांगते. पायकोडस्टाइल ओळीची लांबी मोजताना काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं धरतं. ‘भंडारा’ ही डोळ्यांना तीन अक्षरं, त्याच्या हिशेबात सहा. त्यामुळे मराठी टिप्पणी दिसायला आखूड असली तरी ७९ची मर्यादा ओलांडते. तिथे टिप्पणी दोन ओळींत तोड, इंग्रजीत लिहायला लागू नकोस.

त्याहून वाईट म्हणजे ‘ऱ्या’. ‘शेतकऱ्याचे नाव’ मधला हा अर्धा र, किंवा ‘पऱ्हे’ मधला, दोन तऱ्हांनी टाइप होतो. कोणी नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतं, कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवूनही ते एक होत नाहीत. मग धान खरेदीच्या यादीत नाव असूनही शोधल्यावर सापडत नाही, आणि माणूस केंद्रावर टोकन घेऊन उभा राहतो. मला माहीत असलेला कुठलाही तयार लिंटर हे सांगत नाही.

तिसरी भानगड आकड्यांची. गट क्रमांक कोणी देवनागरी अंकांत भरला, तर पायथन तो आनंदाने आकडा म्हणून घेतं. अंक ओळखणारी पायथनची रेगेक्स खूणही देवनागरी अंक चालवून घेते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तोच आकडा ओळखत नाही. सर्व्हरवर चालतं, पडद्यावर अडतं, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात. जावास्क्रिप्टच्या बाजूला अंकांची तपासणी नुसत्या त्या तयार खुणेवर सोडलेली दिसली की अडवायचं, असा नियम सेमग्रेपमध्ये मोजक्या ओळींत बसतो.

तुझा पहिला बदल हिरवा झाला की या तिन्हींपैकी एक भानगड उचल. ‘ऱ्या’चा नियम आधी लिही, तो नेमका आहे, चुकून दुसऱ्या कशावर ओरडण्याची भीती कमी. पण लिहिल्या-लिहिल्या सगळ्यांवर लादू नकोस. जुन्या कोडावर एकदा चालव, तो किती ठिकाणी थांबतो ते बघ, त्यातल्या खऱ्या चुका किती आणि उगाच ओरडणं किती ते वेगळं कर, आणि ती यादी जोडून मग पाठव. इंग्रजीत लिहायला अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, तोवर माझं जेवण झालेलं असतं.